रूळ नेमके कोणासाठी टाकले? खान्देशातल्या ब्रांच लाईनींबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या वेळी चाळीसगाव-धुळे गाडीवर चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग येऊन पडला. सगळ्यांना पुरं पडणं शक्य नाही. ज्या प्रश्नांनी मला पुन्हा नकाशा उघडायला लावला, तेवढेच घेतो.

धुळ्याहून एक वाचक विचारतात: धुळे हे खान्देशचं जुनं मुख्य ठाणं. तरी मुंबईची मेन लाईन जळगाव-भुसावळकडे गेली आणि आमच्या वाट्याला फाटा आला. आजोबा सांगायचे, गावच्या बड्या लोकांनी रेल्वेला विरोध केला म्हणून. खरं का?

धुरामुळे गायी आटतील, बाहेरचे लोक येतील, म्हणून पूर्वजांनी रेल्वे नाकारली, ही गोष्ट मी पाच-सहा गावांत ऐकली आहे. प्रत्येक गावाला वाटतं ती फक्त आपलीच. पण नकाशा पाहिला तर विरोधाची गरजच उरत नाही.

जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) कंपनी कलेक्टर कचेरी शोधत नव्हती. तिला हवा होता वऱ्हाडातला कापूस, आणि जबलपूरला पोचून कलकत्त्याच्या बाजूने येणाऱ्या रुळांना जाऊन मिळायचं होतं. मनमाडहून पूर्वेकडे वळलं की चाळीसगाव, पाचोरा, जळगाव असा सपाट मुलूख लागतो. पुढे भुसावळला दोन तोंडं फुटली: एक नागपूरकडे, दुसरं खंडवा-इटारसीवरून जबलपूरकडे. नागपूरला गाडी १८६७ मध्ये पोचली, जबलपूरची जोडणी १८७० मध्ये झाली. धुळं पडतं चाळीसगावच्या उत्तरेला, जरा पश्चिमेकडे झुकून, पन्नासेक किलोमीटरवर. तिकडे जायचं म्हणजे वर चढून पुन्हा खाली उतरायचं. कापसाच्या गाठींसाठी एवढा वळसा कोण घेणार?

धुळ्याकडे मुंबई-आग्रा रस्ता होता आणि त्यावर बैलगाड्यांची रांग होती. तेवढ्यावर भागेल असं इंग्रजांना वाटलं असेल तर त्यात नवल नाही. पण नेमकी त्याच वेळी अमेरिकेत यादवी पेटली (१८६१ ते ६५), तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडचा सोन्याच्या भावाने गेला. रूळ होते जळगावात, म्हणून बाजारही जळगावातच भरला. १९०६ मध्ये खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले तेव्हा पूर्वेचं ठाणं जळगावला गेलं. मेन लाईन नसती तर ते कुठे गेलं असतं, असा विचार अधूनमधून मनात येतो.

तुमचा फाटा आला १९०० मध्ये, छप्पन्याच्या (१८९९-१९००) दुष्काळाच्या दिवसांत. चाळीसगावहून निघून धुळ्याला संपणारा. टोकाच्या स्टेशनाचं दुखणं हेच, की पुढे कुठे जाणारा माल तिथून जात नाही, म्हणून गाड्याही वाढत नाहीत. धुळ्याचे मुंबईचे डबे चाळीसगावला मेन लाईनच्या गाडीला जोडले जात, आणि जोडेपर्यंत प्रवासी खिडकीतून चहावाल्याला हाका मारत बसत. आता बोरविहीर-नरडाणा मार्गाने हे टोक मोकळं होऊ घातलं आहे. तो मनमाड-इंदूर मार्गाचाच तुकडा. ३०९ किलोमीटरच्या त्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, खर्च १८,०३६ कोटी. मंजुरी आणि पहिली गाडी यांत खान्देशात किती पावसाळे जातात ते तुम्हाला मी सांगायला नको.

त्याच लाईनवर 'मोहाडी प्रगणे लळिंग' असं लांबलचक नाव का?

मोहाडी नावाची गावं खान्देशात एकाहून जास्त आहेत. महसुली कागदात ती ओळखायची तर परगणा लावायचा. सातबाऱ्यावर 'प्र. लळिंग' पाहिलं असेल, तोच हा 'प्र.'. रेल्वेने तो उलगडून पूर्णच लिहिला. परगणे गेले, मोगलाई गेली, स्टेशनाच्या पिवळ्या पाटीवर मात्र लळिंगचा परगणा अजून शाबूत आहे.

नवापूरहून: आमचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. असं मुद्दाम बांधलं होतं का? आणि आम्ही पश्चिम रेल्वेत कसे?

मुद्दाम कशाला बांधतील? स्टेशन आधी, हद्द मागाहून. ताप्ती व्हॅली लाईन १९ व्या शतकाच्या अगदी शेवटी झाली. महाराष्ट्र-गुजरात अशी हद्दच तेव्हा नव्हती. १ मे १९६० रोजी दोन राज्यं झाली आणि हद्दीची रेघ फलाटावरून गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरची कचेरी गुजरातेत. बाकावर रंगाने रेघ ओढून दोन्ही नावं लिहिली आहेत, पाहुण्यांना तिथे बसवून फोटो काढल्याशिवाय नवापूरकर सोडत नाहीत.

पश्चिम रेल्वेचं कोडं कंपन्यांत सुटतं. ताप्ती व्हॅली ही वेगळी कंपनी, मुंबईच्या किलिक निक्सन पेढीने उभी केलेली. लाईन सुरतेकडून अमळनेरपर्यंत आली आणि गाड्या चालवल्या बीबी अँड सीआयने (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे). अमळनेर ते जळगाव हा सांधा १९०० मध्ये जीआयपीने जोडला. १९५१ मध्ये बीबी अँड सीआयची पश्चिम रेल्वे झाली, जीआयपीची मध्य. म्हणून आजही जळगावच्या फलाटावर दोन रेल्वे भेटतात.

हीच लाईन शंभराहून अधिक वर्षं एकेरी होती. समोरून गाडी येणार म्हणून रनाळ्याला नाहीतर विखरणला अर्धा-अर्धा तास 'क्रॉसिंग'ला उभं राहणं ज्याने भोगलं, त्याला दुहेरीकरणाचं महत्त्व सांगावं लागत नाही. ते २०१९ च्या फेब्रुवारीत लोकार्पित झालं.

पाचोऱ्याहून एका आजींनी नातवाकडून लिहून घेतलंय: "आते पीजे कव्हय चालू व्हई?" (आता पीजे कधी सुरू होईल?) नातवाचाही एक प्रश्न जोडलेला आहे: ती एवढीशी का होती?

आधी नातवाला उत्तर. पाचोरा-जामनेर, आपली 'पीजे', १९१८-१९ मध्ये सुरू झाली. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मेन लाईनचं १६७६. अरुंद रूळ म्हणजे हलका पूल, कमी भराव, कमी जमीन, आणि वळण हवं तेवढं आवळता येतं. थोडक्या मालासाठी थोडका खर्च. जामनेर, पहूर, शेंदुर्णीचा कापूस पाचोऱ्याला आणून टाकणं एवढंच तिच्याकडून अपेक्षित होतं.

मेख इथे आहे. छोट्या वाघिणीतली (मालडब्यातली) गाठ मोठ्या वाघिणीत आपोआप जात नाही. पाचोऱ्याला प्रत्येक नग हमालाच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात. रस्ते बरे झाले आणि ट्रक कापसाच्या जिनाच्या (सरकी काढायच्या कारखान्याच्या) दारात उभा राहू लागला, तेव्हा ही दुहेरी हमाली कोण सोसणार? माल गेला आणि मागे माणसं उरली: शाळेची पोरं, दूधवाले, कार्तिकात शेंदुर्णीला त्रिविक्रमाच्या यात्रेला निघालेली मंडळी. माणसांसाठी ती बांधलीच नव्हती, आणि शेवटी जगली ती माणसांवरच. हे मला फार गमतीचं वाटतं, आणि थोडं वाईटही.

आजी, ती जुनी पीजे आता यायची नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. तिच्या जागी ब्रॉडगेज, आणि जामनेरच्या पुढे बोदवडपर्यंत, एकूण ८४ किलोमीटर, असं ठरलं आहे. बोदवड नागपूरच्या मेन लाईनवर आहे. म्हणजे पाचोऱ्याहून भुसावळ टाळून थेट नागपूर मार्गाला लागता येईल, मालगाड्यांना तर नक्कीच. यंदाही नजर मालावरच आहे. पण या वेळी गाठ पाचोऱ्याला उतरवावी लागणार नाही.

सावद्याहून: आमच्या छोट्या स्टेशनावर एकदा देशभरातले पुढारी उतरले होते असं ऐकलंय.

बरोबर ऐकलंत. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, मंडपाची सजावट नंदलाल बोस यांची. फैजपूरला रेल्वे नाही, जवळचं स्टेशन सावदा. पण तुमच्या स्टेशनाची खरी ओळख त्या दोन-चार दिवसांची नाही, केळीची आहे. रावेर, निंभोरा, सावदा इथून घडांनी भरलेल्या गाड्या दिल्लीकडे जात आल्या. भुसावळच्या क्वार्टरात वाढलो, त्यामुळे उभ्या वाघिणीतला तो गोडसर, हिरवा वास अजून नाकात आहे.

जामनेर तालुक्यातले एक शिक्षक: शाळेची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा आहे. त्यावर अक्षरं दिसतात. लाईन किती जुनी ते त्यावरून कळेल का?

रूळ कळेल, लाईन नाही. रुळाच्या मधल्या उभ्या पट्टीवर कारखान्याचं नाव, लाटल्याचं साल, बहुतेक वेळा महिन्याच्या उभ्या रेघा आणि मागवणाऱ्या रेल्वेची आद्याक्षरं उठावात असतात. पण मेन लाईनवर झिजलेला रूळ काढून फाट्यावर टाकायचे, फाट्यावरून सायडिंगला, आणि तिथून तो तुमच्या शाळेच्या आंब्याला टांगला गेला. त्यामुळे साल फाट्याच्या वयाहून जुनं निघालं तर दचकू नका.

गंज घासू नका, ब्रश तर लावूच नका. खडू आडवा धरून अक्षरांवरून हलका फिरवा, सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा आणि पाठवा. रेघा मोजताना दोनदा मोजा. पोरं मोजणार असतील तर तीनदा.