नांदावं की निघावं? काडीमोड, फारकत आणि ब्रेक्झिट

प्रश्न असा आलाय: मुलगी नववीत आहे, तिने निबंधात ‘ब्रिटनने युरोपीय महासंघाशी काडीमोड घेतला’ असं लिहिलं, बाईंनी काडीमोडभोवती लाल गोल काढून बाजूला ‘ग्राम्य’ असं लिहिलं, आणि आता आई विचारतायत की पेपरात तर हेडिंगलाच हा शब्द असतो, मग पोरीचं चुकलं काय आणि बरोबर शब्द कुठला?

ताई, बाईंचं कारण मला अजिबात पटलेलं नाही, पण शब्द तिथे बसत नाही हेही खरंच. दोन्ही सांगतो, जरा लांबेल.

आधी ‘ग्राम्य’चं बघू. ज्या समाजांत बाईला नवरा सोडता येत होता आणि पाट लावता, म्हणजे दुसरं लग्न करता येत होतं तिथे पंचांसमोर गवताची काडी मोडायची, की झालं, दोघं मोकळे. तिथून हा शब्द आला. ज्यांच्यात सोय होती त्यांच्याकडे शब्द होता, ज्यांच्यात सोयच नव्हती त्यांना पुढे कायदा झाल्यावर संस्कृतातून शब्द आणावा लागला, त्यामुळे कोणी कोणाला ग्राम्य म्हणायचं ते ठरवा तुम्हीच.

आणि तो आणलेला शब्द, घटस्फोट, त्याची गंमत तर अजून मोठी आहे. धर्मशास्त्रात घटस्फोट म्हणजे नवराबायकोचं काही नव्हतंच, पतित ठरलेल्या माणसाला जातीबाहेर काढताना पाण्याचा घडा लवंडायचे किंवा फोडायचे, तो विधी. म्हणजे त्याला मेल्यातच जमा धरून वाळीत टाकणं. आता हा अर्थ घेऊन ब्रसेल्सला, म्हणजे युरोपच्या महासंघाच्या मुख्यालयात जा. तिथे सभासदाला हाकलून द्यायची तरतूदच नाहीये! फार फार तर मतदानाचा हक्क गोठवता येतो, पण काढून टाकता येत नाही. सभासद स्वतः उठून जाऊ शकतो आणि तेही स्पष्टपणे लिहिलं गेलं ते लिस्बन करारात, जो १ डिसेंबर २००९ ला लागू झाला, त्यातलं ते गाजलेलं कलम ५०. त्यामुळे मूळ अर्थाने युरोपात घटस्फोट होतच नाही.

बरं काडीमोडकडे परत येतो. काडी मोडायला किती वेळ लागतो? कट् आवाज झाला की संपलं. ब्रिटनचं काय झालं बघा, २३ जून २०१६ ला मतदान, २९ मार्च २०१७ ला कलम ५० ची नोटीस, ३१ जानेवारी २०२० ला प्रत्यक्ष बाहेर, आणि तरी नियम जुनेच चालू, ते संपले ३१ डिसेंबर २०२० ला. मतदानापासून साडेचार वर्षं! मध्ये पंतप्रधान कॅमेरन गेले, मे बाई आल्या आणि गेल्या, जॉन्सन आले. ही काडी नव्हे, हे लाकूड, तेही ओलं, आणि करवत बोथट. माझा आक्षेप एवढाच आहे.

मग फारकत? हा शब्द मला जास्त आवडतो, कारण आज आपण तो ‘वेगळं होणं’ एवढ्याच ढोबळ अर्थाने वापरत असलो तरी मूळ तो कागद आहे, फारखती, म्हणजे आता आमचं तुमच्याकडे काही देणंघेणं उरलं नाही असं लिहून दिलेलं खत. सावकार-कुळात व्हायची, भागीदारांत व्हायची, नवराबायकोतही व्हायची. पण आधी हिशोब, मग फारखत. ब्रिटनने तेच केलं, आधी कबूल केलेल्या रकमा, अधिकाऱ्यांची पेन्शनं वगैरे धरून त्यांच्या सरकारने हिशोब काढला तो साधारण ३९ अब्ज पौंडांचा, मग नागरिकांचे हक्क, मग सीमा, आणि मग सह्या. इंग्रजी पेपर त्या रकमेला घटस्फोटाचं बिल म्हणत होते आणि आपल्याकडे तेच उचललं गेलं. फारखतीचा हिशोब म्हटलं असतं तर कुठल्याही जुन्या वकिलाला लगेच कळलं असतं.

पण रोजच्या बोलण्यात मी ‘वेगळं निघणं’ म्हणेन. लग्न दोघांचं असतं, इथे एकीकडे ब्रिटन आणि दुसरीकडे सत्तावीस जण होते. अठ्ठावीस जणांच्या एकत्र कुटुंबातून एक भाऊ चूल वेगळी करतो हे चित्र जास्त खरं आहे, कारण वेगळं निघालेला भाऊ गाव सोडून जात नाही, घर तिथेच, भिंत लागून, विहीर सामायिक (सातबाऱ्यावर सामायिक लिहिलेलं असलं की काय होतं ते माहितीये ना), फक्त आता पाण्याची पाळी ठरवून घ्यावी लागते. ब्रिटन काही जहाजासारखं सुटून अटलांटिकमध्ये गेलं नाही, मतदानाच्या वेळी त्यांच्या निर्यातीतला ४४ टक्क्यांच्या आसपास वाटा युरोपातच जात होता आणि वेगळं निघाल्यावरही सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच.

आणि बांध! बांधावरूनच तर सगळं अडलं. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये, खालचं आयर्लंड युरोपात, मध्ये सुमारे ५०० किलोमीटरची सीमा, आणि १९९८ च्या शांतता करारानंतर तिथली चौक्या-पहारे गेलेले, ते परत नकोत हे दोघांनाही मान्य. मग जकात घ्यायची कुठे? शेवटी तपासणी समुद्रात ढकलली, म्हणजे एकाच देशाच्या दोन भागांत जाणाऱ्या मालाला कागदं. त्या काळात बांधाच्या पलीकडे आयर्लंडचे पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. बांधाच्या भांडणात मालवणी माणसाशी गाठ पडली, इंग्रजांना कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

कोणी म्हणेल की घरात माणूस जन्मतो, ब्रिटन तर १९७३ मध्ये आपणहून आत आलं होतं आणि १९७५ ला लोकांना विचारलं तेव्हा ६७ टक्के राहूया म्हणाले होते. मान्य, उपमा तिथे तुटते. त्याच्यासाठीच फारकत हाताशी ठेवायची.

आता महासंघ. यात मात्र पोरीला कोणी नावं ठेवू नयेत, सगळे तसंच लिहितात, पण संघ की महासंघ हा प्रश्न साधा नाहीये. निघा म्हणणाऱ्यांची तक्रारच ही होती की आम्ही बाजार म्हणून आत आलो (तेव्हा आपल्याकडे त्याला सामायिक बाजारपेठ म्हणायचे, फार नेमका शब्द, गेला बिचारा) आणि तुम्ही त्याचं सरकार करून टाकलंत. महा लावला की ती तक्रार अर्धी मान्य केल्यासारखं होतं. मी युरोपीय संघ लिहितो. अर्थात संघ म्हटल्यावर आपल्या राज्यघटनेतला ‘राज्यांचा संघ’ डोळ्यांसमोर येतो आणि तिथे नेमकं उलट आहे, बाबासाहेबांनी संविधान सभेत सांगितलं होतं की हा संघ राज्यांच्या आपसातल्या करारातून झालेला नाही म्हणून त्यातून बाहेर पडायचा हक्क कोणालाच नाही. युरोपचा संघ करारातूनच झालेला, म्हणून तिथे दार आहे. शब्द एकच.

तुम्ही विचारलं नाहीत पण रेफरेंडमला काय म्हणायचं तेही सांगून टाकतो, राहवत नाही. सार्वमत बरोबर आहे. पण मला गोव्याचा जनमत कौल जास्त भावतो, १६ जानेवारी १९६७, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही, फूल म्हणजे विलीन, दोन पानं म्हणजे वेगळं, आणि ३४,०२१ मतांनी पानं जिंकली. कौल हा शब्द कोकणात-गोव्यात देवळातला आहे. देवाला फुलं-तांदूळ लावायचे, गाऱ्हाणं घालायचं, उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. देव तिसरं काही सांगत नाही. त्यामुळे गाऱ्हाणं घालणाऱ्याने प्रश्न नीट घालायचा असतो. ब्रिटनमध्ये आधी प्रश्न होता, राहावं का, हो की नाही. निवडणूक आयोग म्हणाला की ‘हो’ला आपोआप झुकतं माप मिळतं, तेव्हा ‘राहावं की निघावं’ असं दोन्ही बाजूंनी विचारा, आणि ते बदललं. कौल मिळाला, ५१.९ विरुद्ध ४८.१, निघावं. पण कसं निघावं हे विचारलंच नव्हतं, मग गुरवांची भांडणं सुरू. स्कॉटलंडच्या बाजूची फुलं तर दुसरीकडेच पडलेली, ६२ टक्के राहूया.

‘राहणं’ला मी मनातल्या मनात नांदणं म्हणतो, नांदावं की निघावं असा छान जोड होतो, पण निबंधात नको, कारण नांदणं म्हणजे नुसतं राहणं नव्हे, सुखाने राहणं, म्हणजे ज्याने हा शब्द वापरला त्याने मत देऊन टाकलं. तसंच दुसऱ्या बाजूने, निघा म्हणणाऱ्यांचे पुढारी नायजेल फाराज साहेबांनी निकालाच्या रात्री ‘स्वातंत्र्यदिन’ म्हटलं होतं. ब्रिटनचा स्वातंत्र्यदिन! वाचून मी चहा सांडला होता. माझं स्वतःचं मत विचाराल तर मी नांदा म्हणणाऱ्यांतला, पण ते माझ्या शब्दांवरून तुम्हाला आधीच कळलं असेल.

तर वाक्य असं करा: ‘ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं.’ साधं, कोणाची बाजू न घेणारं. बाईंचा लाल गोल राहू दे, ‘ग्राम्य’ तेवढं खोडा.

आणि हो, ब्रेक्झिट झाला की झाली की झालं? एक्झिट आपल्याकडे स्त्रीलिंगी, नटाने एक्झिट घेतली, आणि कोणी अकाली गेलं की हमखास ‘चटका लावणारी एक्झिट’. त्या न्यायाने ब्रेक्झिट झाली म्हणायला हवं. पण कानाला श्रद्धांजली वाटते, म्हणून मी झालं म्हणतो.