धातूच्या उत्प्रेरकाशिवाय, केवळ ऑक्सिजन वापरून अल्कोहोल व शर्करांचे ऑक्सिडीकरण खरोखर होते का?

अल्कोहोलचे होते, शर्करांचे पुढे सांगतो. आपल्या प्रश्नातील ‘खरोखर’ हा शब्द वाचूनच उत्तर लिहायला बसलो, कारण पंधरा वर्षांपूर्वी आमच्या विभागप्रमुखांनी तोच शब्द माझ्या तोंडावर फेकला होता.

तेव्हा मी डोंबिवली एमआयडीसीतील एका प्रयोगशाळेत होतो. एका बेंझिलिक अल्कोहोलपासून अल्डिहाइड करायचे होते, आणि नेहमीच्या क्रोमियम ऑक्सिडीकारकातून उरणारा हिरवा गाळ उपसत बसण्याचा मला मनस्वी कंटाळा आला होता. टेम्पो (एक स्थिर सेंद्रिय मूलक, जे उत्प्रेरकाचे काम करते), ब्रोमीन आणि सोडियम नायट्राइट यांच्या साहाय्याने हेच काम ऑक्सिजनकडून करून घेता येते, हे चीनमधील डालियानच्या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवले होते. मी ब्रोमीनऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल घेतले. (मागणीपत्रकावर ‘टेम्पो’ वाचून स्टोअरकीपरने गाडी कुठे पाठवायची, असे विचारले होते.) फ्लास्कच्या गळ्याशी तांबूस वायू दिसू लागला, ऑक्सिजनचा फुगा हळूहळू सुरकुतला, आणि टीएलसीच्या (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीच्या) पट्टीवर अल्डिहाइड दाखवणारे डीएनपी फवारताच नारिंगी ठिपका उमटला. सरांनी ती पट्टी उजेडात धरली आणि म्हणाले, “धातूशिवाय हे खरोखर होत नसते. कुठून तरी तांबे आले असणार.”

हा संशय अगदीच अवाजवी नव्हता, हे मान्य करतो. टेम्पोसोबत तांब्याचा क्षार वापरून ऑक्सिजनने ऑक्सिडीकरण करण्याची पद्धत 1984 पासून माहीत आहे. शिवाय 2003 मध्ये गाजलेल्या ‘धातूविरहित’ सुझुकी अभिक्रियेतील (दोन कार्बन जोडणारी, एरवी पॅलेडियम लागणारी अभिक्रिया) पॅलेडियम सोडियम कार्बोनेटमधूनच आले असावे, अब्ज भागांत 50 भाग इतके अल्प, असे 2005 मध्ये त्याच गटाला सांगावे लागले. म्हणून मी नव्या काचेच्या भांड्यात तीन फेऱ्या घेतल्या. नायट्राइट वगळले तेव्हा काहीच झाले नाही. टेम्पो वगळला तेव्हा नाममात्र झाले. आणि नायट्राइट न घालता मुद्दाम कॉपर क्लोराइड घातले, तरी अल्कोहोल जसेच्या तसे राहिले. तांबेच काम करत असते, तर तिसऱ्या फेरीत ते का थांबले? सरांनी यावर वहीत सही केली, पण चूक कबूल केली नाही.

यातील ऑक्सिजन अल्कोहोलला थेट शिवतच नाही. नायट्राइटपासून निघालेल्या नायट्रिक ऑक्साइडपासून तो नायट्रोजन डायऑक्साइड बनवतो, त्याच्यामुळे टेम्पोचा ऑक्सोअमोनियम आयन (टेम्पोचे धनभारित रूप) होतो आणि अल्कोहोलमधील हायड्रोजन हा आयन काढून घेतो. टेम्पो मुक्त मूलकांना अडवत असल्याने अल्डिहाइड पुढे सहसा आम्लापर्यंत जात नाही.

शर्करांबद्दल मात्र माझे उत्तर रुक्ष आहे. त्या या पद्धतीतील द्रावकात, डायक्लोरोमिथेनमध्ये, विरघळत नाहीत, आणि पाण्यात नायट्रिक आम्लाच्या जोरावर ऑक्सिडीकरण करू गेल्यास कार्बनची साखळी तुटून ऑक्झॅलिक आम्ल होते. स्टार्चच्या सहाव्या कार्बनवरील प्राथमिक गट निवडून ऑक्सिडाइझ करायचा असेल, तर टेम्पो, ब्रोमाइड आणि हायपोक्लोराइट, पीएच सुमारे 10, हाच मार्ग धरावा. त्यात ऑक्सिजन नाही आणि मिठाचे सांडपाणी पुष्कळ निघते, पण माल मिळतो.

आणखी दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. ज्वलनशील द्रावकावर शुद्ध ऑक्सिजन मोठ्या भांड्यात कधीही सोडू नये. नायट्रोजनमध्ये पातळ करूनच द्यावा. रेणूत किंवा द्रावकात दुय्यम अमाईन असेल, तर नायट्राइटच्या वाटेला जाऊच नये, कारण नायट्रोसअमाईन हे कर्करोगकारक संयुग तयार होते. वालसार्टन या रक्तदाबाच्या औषधाच्या गोळ्यांत 2018 मध्ये सापडलेले एनडीएमए हे नायट्रोसअमाईन आठवावे. हा आक्षेप सरांनी घेतला असता, तर माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी तांब्याचाच धरून ठेवला.