थायरॉइड काढल्यानंतरची गोळी : चहा, कॅल्शियम आणि टीएसएच

प्रश्न : गाठीमुळे पूर्ण थायरॉइड काढून तीन आठवडे झाले. वजन ६२ किलो, रोज लेव्होथायरॉक्सिनची (थायरॉइड हार्मोनची) १०० मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. तरी अंग गळून जातं. डोस वाढवून घ्यावा का? (वय ४१)

उत्तर : इतक्यात नको. पूर्ण ग्रंथी काढल्यावर साधारण हिशोब किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम असा असतो. तुमच्या वजनाला तो ९९ येतो, म्हणजे १०० ची गोळी बरोबरच आहे. (उतारवयात किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टर मुद्दाम कमीपासून सुरू करतात.) लेव्होथायरॉक्सिनचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे ७ दिवस लागतात. त्यामुळे एका डोसवर पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात, आणि टीएसएच (मेंदूतून थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन; थायरॉइड हार्मोन कमी पडलं की ते वाढतं) त्याच्या मागून हळूहळू येतं. तिसऱ्या आठवड्यातला रिपोर्ट पाहून गोळी बदलली तर पुढचे दोन-तीन महिने डोस वर-खाली करण्यातच जातील. तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी करा. थकवा फारच असेल तर हिमोग्लोबिन मात्र आत्ताच बघून घ्या.

तपासणीच्या दिवशी आधी रक्त द्या, मग गोळी घ्या. गोळीनंतर काही तास फ्री टी-४ (रक्तातलं मोकळं थायरॉइड हार्मोन) वर गेलेलं असतं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर ते किमान दोन दिवस आधी बंद करा. काही लॅबच्या पद्धतीत बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसतं.

प्रश्न : ऑपरेशनला दीड वर्ष झालं. डोस तोच, पण टीएसएच ३ वरून ९ वर गेलं. पहाटे साडेपाचला गोळी, पावणेसहाला चहा, नाश्त्याबरोबर कॅल्शियम. अ‍ॅसिडिटीची गोळीही नुकतीच सुरू झाली आहे. गोळी एकदाही चुकवलेली नाही.

उत्तर : गोळी चुकली नसेल, पण ती पुरेशी अंगात जात नसावी. अनशापोटीसुद्धा तिचा ७० ते ८० टक्केच भाग शोषला जातो. वर लगेच दुधाचा चहा पडला की तो आणखी घटतो. कॅल्शियम आणि लोह तर पोटातच तिला धरून ठेवतात. पँटोप्राझोलसारख्या औषधाने पोटातलं आम्ल कमी होतं, मग गोळी नीट विरघळत नाही. तुमच्याकडे तिन्ही कारणं एकत्र आली आहेत.

वेळापत्रक असं करा. साडेपाचला गोळी, फक्त साध्या पाण्याबरोबर. चहा साडेसहाला; अगदीच राहवत नसेल तर सहाला, त्याआधी नाही. कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत किमान चार तास हवेतच, शिवाय कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबरच चांगलं लागू पडतं. लोहाच्या गोळीलाही हाच नियम. अ‍ॅसिडिटीची गोळी किती दिवस लागणार आहे, ते डॉक्टरांना विचारा. ज्यांना पहाट जमत नाही त्यांनी रात्री जेवणानंतर तीन तासांनी गोळी घेतली तरी चालते. पण तुमचं कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर येणार, त्यामुळे तुम्हाला सकाळच सोयीची.

हे सहा आठवडे पाळा आणि मग टीएसएच करा. डोसचं त्यानंतर बघता येईल. आधी डोस वाढवला आणि नंतर वेळ सुधारली, तर धडधड, हाताला कंप, झोप उडणं हे सगळं मागे लागतं.

बाटली गॅसच्या वरच्या फळीवर ठेवू नका. उष्णता आणि पावसाळी दमट हवा या गोळीला सोसत नाहीत. दुकानदाराने दुसरी कंपनी दिली तर घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. बदल झालाच तर सहा आठवड्यांनी टीएसएच बघा.

प्रश्न : ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवसापासून ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. थायरॉइडची गोळी जास्त होतेय का?

उत्तर : नाही, हे रक्तातलं कॅल्शियम कमी झाल्याचं लक्षण आहे. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. ऑपरेशनमध्ये त्यांचा रक्तपुरवठा दुखावला की त्या काही काळ काम करत नाहीत. आजच कॅल्शियम तपासा आणि सर्जनला फोन करा. बोटं वाकडी होऊन आखडू लागली, घसा आवळला किंवा श्वासाला त्रास झाला तर रिपोर्टची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल (ड जीवनसत्त्वाचं तयार रूप) मुंग्या थांबल्या म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाहीत. ती टप्प्याटप्प्याने उतरवतात.

प्रश्न : घरचे कोबी, फ्लॉवर, बाजरी काही खाऊ देत नाहीत.

उत्तर : खुशाल खा. हे पदार्थ अडथळा आणतात तो ग्रंथी हार्मोन तयार करते त्या कामात. तुमच्याकडे ग्रंथीच नाही! सोयाबीन तेवढं गोळीपासून काही तास लांब ठेवा, ते शोषण कमी करतं. अर्धीच ग्रंथी काढलेल्यांनीही रोजच्या जेवणातल्या कोबीला घाबरायचं कारण नाही.

प्रश्न : थायरॉइडच्या पॅपिलरी प्रकारच्या कॅन्सरसाठी ऑपरेशन झालं. टीएसएच ०.०८ आलं. फॅमिली डॉक्टर म्हणतात, डोस जास्त आहे.

उत्तर : लॅबच्या कागदावरची नॉर्मल रेंज इथे लागू होत नाही. धोका जास्त असेल तर टीएसएच मुद्दाम ०.१ च्या खाली ठेवतात, कारण टीएसएच कॅन्सरच्या उरलेल्या पेशींना वाढीला चालना देऊ शकतं. धोका कमी आणि तपासण्या स्वच्छ असतील तर ०.५ ते २ पुरतं. तेव्हा ०.०८ हे ठरवून ठेवलेलं आहे की जुना डोस तसाच चालत आला आहे, हे कॅन्सरवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. तोवर गोळी कमी करू नका. पण विचारायचं टाळूही नका. वर्षानुवर्षं इतकं कमी टीएसएच राहिलं तर हाडं ठिसूळ होतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांत आणि साठीनंतर.

प्रश्न : हरतालिकेला निर्जळी उपास असतो. गोळीचं काय करू?

उत्तर : घोटभर पाण्याबरोबर घेतलेली उत्तम. नाहीच घेतली तर एका दिवसाने बिघडत नाही, दुसऱ्या दिवसापासून नेहमीसारखी सुरू करा. दिवस राहिले असतील तर मात्र एकही गोळी चुकवायची नाही. उलट पाळी चुकून चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. गरोदरपणात गरज २५ ते ३० टक्के वाढते, आणि डॉक्टर बहुधा आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या सांगतात.