लहान मुलांना चिनी वाचन-लेखन शिकवताना आधी पिनयिन की अक्षरे?

सहा वर्षांच्या मुलाला पिनयिन (चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत) आधी शिकवावे की चिनी अक्षरे, या प्रश्नावर माझे मत स्पष्टपणे अक्षरांच्या बाजूचे आहे. २०१७ पासून चीनभर लागू झालेल्या पहिलीच्या पाठ्यपुस्तकातही ‘आकाश’, ‘पृथ्वी’, ‘माणूस’ अशी सोपी अक्षरे आधी येतात आणि पिनयिन नंतर.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाचन आणि लेखन यांचा वेग वेगळा ठेवावा. तेथील अभ्यासक्रमात पहिल्या दोन वर्षांत सुमारे १६०० अक्षरे ओळखणे, पण त्यांपैकी सुमारे ८००च लिहिता येणे अपेक्षित आहे. प्रत्येक नवे अक्षर पानभर गिरवून घेतले, तर मुलाची वाचनाची गोडीच संपते.

लिहून घ्याल तेव्हा रेषांचा क्रम सुरुवातीपासून नीट पाळा आणि अक्षराची फोड करून दाखवा. ‘आई’ या अर्थाच्या ‘मा’ अक्षरात डावीकडे स्त्रीसूचक घटक आणि उजवीकडे उच्चार सुचवणारे ‘घोडा’ हे अक्षर असते (त्याचाही उच्चार ‘मा’च, फक्त सूर वेगळा), बहुसंख्य अक्षरे अशाच जोडणीची असल्यामुळे ही दृष्टी आलेले मूल अनोळखी अक्षराचाही अंदाज बांधू लागते.