शिवणीवर तुटलेली लाट

प्रश्न: ताई, मी इचलकरंजीत घरीच आरी वर्कचे ब्लाऊज करते. मोबाईलवर डिओर या फ्रेंच फॅशन कंपनीचा एक पांढरा कोट बघितला, घेरावर ती फेमस जपानी लाट. तशीच लाट एका नवरीला पाठीपासून बाहीपर्यंत सलग काढून दिली, तर शिवून आल्यावर मुंढ्यापाशी, बाही जोडतात तिथे, तुटलेली, अर्धी वर न अर्धी खाली. जपानी लोकांच्या किमोनो झग्यावर तर चित्र कुठेच तुटत नाही, ते लोक आधी शिवून मग भरतात का?

उत्तर: अगं, ते दोनदा शिवतात! किमोनोचं थान जेमतेम 36-38 सेंटीमीटर पन्ह्याचं, बारा मीटरच्या आसपास लांब, त्याच्या सरळ पट्ट्या करून जोडायच्या, बाहीसुद्धा सरळच लागते, मुंढ्याला गोलाई नाहीच. भारीतल्या किमोनोला आधी पांढरं कापड कच्च्या टाक्यांनी जोडून घेतात, शिवणी ओलांडून चित्र काढतात, मग सगळं उसवून सपाट कापडावर रंग न भरतकाम, आणि शेवटी पक्की शिलाई. या सलग चित्राला एबा म्हणतात. चित्र काढायला आओबाना नावाच्या फुलाचा निळा रस, पाण्याने जातो, आणि गंमत म्हणजे ते झाड पावसाळ्यात बांधावर उगवणाऱ्या आपल्या केन्याच्याच नात्यातलं आहे.

तुझी लाट तुटली ती गोल मुंढ्यामुळे, बाहीला झोल देऊन बसवतो ना आपण, तिथे रेघ सरकणारच. दोन उपाय आहेत. एक तर बाही न जोडता अंगासोबतच काप, टेलरिंग क्लासमध्ये किमोनो स्लीव्ह शिकवतात ती (खऱ्या किमोनोची बाही वेगळीच जोडलेली असते ते सोड), काखेत जरा चुण्या येतील पण लाट अखंड जाईल. नाहीतर कच्चं जोडून, नवरीच्या अंगावर घालून खुणा कर, उसव, फ्रेमला लाव, आणि शिवणीच्या दोन्ही बाजूला इंचभर कोरं ठेवून तेवढं शिलाईनंतर सुईने भर. वेळखाऊ आहे, पैसे वाढवून सांग.

तो कोट जानेवारी 2007 च्या पॅरिसच्या शोमधला, तेव्हा डिओरचा डिझायनर गॅलियानो होता, लाट होकुसाई या जुन्या जपानी चित्रकाराची. दिसायला जबरदस्त, पण मला विचारशील तर नुसते बगळे न लाटा उचलण्यापेक्षा ज्यांनी किमोनोचा कट उचलला ते जास्त हुशार, फ्रेंच डिझायनर पॉल प्वारेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच कमरेत आवळायचं सोडून खांद्यावरून सरळ पडणारे कोट केले. आणि हानाए मोरी, जपानचीच डिझायनर बाई, 1977 मध्ये पॅरिसच्या ओत कुत्यूरच्या, म्हणजे मापाने हाताने शिवलेल्या भारी कपड्यांच्या, संघटनेत घेतलेली पहिली आशियाई, तिच्या कपड्यांवरची फुलपाखरं नक्की बघ.

धाग्याचं पण सांगते. जपानी भरतकामात रेशीम बिनपिळाचं घेतात, पीळ हवा तेवढा कारागीर हातानेच देतात, पक्ष्यांच्या पिसांना पीळ अजिबात न देता सपाट टाकलं की उजेड फिरेल तशी चमक फिरते. सोनेरी जर मात्र कापडातून ओढतच नाहीत, कारण ती कागदावर सोन्याचा वर्ख चिकटवून बारीक पट्ट्या काढून दोऱ्यावर गुंडाळलेली असते, ओढली की सोलून निघेल. वर ठेवून बारीक रेशमी टाक्यांनी धरायची, जरदोजीवाले करतात तसंच. लाटेचा फेस असा करून बघ, आरीच्या साखळीने तो जाड दिसतो.

आणि हो, समोर एकावर एक येणारा ब्लाऊज करणार असशील तर घालणारीची डावी बाजू वर ठेव, उजवी वर असलेला किमोनो तिकडे मयताला घालतात.