टपावर डायरेक्ट कोटिंग मारू नको रे

भावा, कॅम्पर गाडीचं टप गळतंय, वर वॉटरप्रूफ कोटिंग मारू का विचारतोस, पण गाडी पंधरा वर्षांची म्हणतोस तर आधी कोटिंगचा डबा उघडूच नकोस, वर चढ आणि पाणी नेमकं कुठून शिरतंय ते बघ. टप मधोमध क्वचितच गळतं, गळतं ते व्हेंटच्या (हवेच्या झरोक्याच्या) कडेने, स्क्रूच्या भोकांतून, जॉइंटवरून, आणि आत थेंब पडतो त्याच्या बरोबर वरच भोक असेल असंही नाही, पाणी फ्रेमवरून वाहत कुठल्या कुठे जातं. जुनं सिलिकॉन दिसलं तर पूर्ण खरवडून काढ, त्याच्यावर दुसरं काही धरतच नाही. मी म्हापशात असताना आळस केला, पहिल्याच पावसात वरची पापडी नखाने सोलून निघाली. आपल्याकडची हवा खारी, पत्र्याला गंज असेल तर चकचकीत होईस्तोवर घास, मग प्राइमर. रबरी टप असेल तर पेट्रोल-थिनरने पुसू नको, रबर फुगतं. जॉइंटला ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), वर फट बुजवणारं सीलंट, मग कोटिंगचे पातळ दोन हात, दुसरा आडवा. सकाळचं दव सुकल्याशिवाय ब्रशला हात लावू नको. एप्रिलपर्यंत उरक, जूनमध्ये ताडपत्रीच. आणि हो, आतलं प्लाय बोटाने दाबून बघ, मऊ लागलं तर आधी ते बदल.