आमच्या खाडीत कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक कामाच्या निधीतून) येत्या जूनमध्ये पाच हजार कांदळवनाची रोपं लावायची आहेत. नियोजन कसं करावं, आणि काम जमलं की नाही हे कसं मोजावं?

रोपांचा आकडा आणि जूनचा मुहूर्त ठरलाय, जागेबद्दल मात्र तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत. वरात ठरली, मुलगी बघायची राहिली.

आधी हे शोधा, की तिथे कांदळवन आपोआप का आलं नाही? पावसाळ्यात खाडीभर तिवराच्या (कांदळवनातल्या एका झाडाच्या) बिया वाहत असतात. तरी रुजत नाहीत म्हणजे बांधाने पाणी अडलंय, भरावाने जमीन उंच झालीय, नाहीतर जागाच फार खोल आहे.

ही शेवटची चूक आम्ही केली. एका संस्थेबरोबर ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात कांदळाच्या (कांदळवनातल्याच दुसऱ्या झाडाच्या) शेंगा ओळीने खोचल्या. फोटो झकास आले. दिवाळीपर्यंत देठांवर खरखरीत शिंपल्यांची पुटं चढली आणि रोपं आडवी झाली. वर त्याच चिखलात बायका तिसऱ्या (खायचे शिंपले) वेचायच्या, त्या ओरडल्या ते वेगळंच. श्रीलंकेत 2004च्या त्सुनामीनंतर असंच घाईने लावलं. पुढे तपासलेल्या 23 पैकी 9 जागांवर एकही रोप उरलेलं नव्हतं. आमच्याकडे मात्र फुटलेल्या खारबांधामागे, कुणी न लावता, चार वर्षांत तिवर कमरेएवढं झालं!

म्हणून पौर्णिमेच्या उधाणाला आणि अष्टमीच्या भांगाला (भरती सगळ्यात कमी चढते तेव्हा) बांबूवर खुणा करून पाणी कुठवर चढतं ते बघा. जवळच्या जुन्या कांदळवनातही तसाच बांबू रोवा. दोन्हीकडच्या खुणा जुळत नसतील तर रोपं विकत घेऊ नका. बऱ्याचदा गाळाने बुजलेली चर मोकळी केली की पुरतं. पण शेजाऱ्याच्या भातखाचरात खारं पाणी शिरणार नाही ना, हे त्याला सोबत घेऊनच ठरवा, नाहीतर भांडणं होतील. वनविभागाच्या कांदळवन कक्षाशीही आधीच बोला.

मोजायचं तर काम सुरू होण्याआधी एकदा मोजा. दहा बाय दहा मीटरचे काही चौकोन आखा, तसेच हात न लावलेल्या जागेवर आणि जुन्या कांदळवनातही. दर वर्षी पावसाळ्यानंतर लावलेली जगलेली रोपं, आपोआप उगवलेली आणि चिंबोऱ्यांची बिळं वेगवेगळी मोजा. हात न लावलेल्या जागेवरही तितकंच उगवलं, तर श्रेय तुमचं नाही. निदान पाच वर्षांच्या मोजणीचे पैसे आत्ताच बाजूला काढा.

कंपनीला जूनमध्ये फोटो हवाच असेल, तर बांबू रोवतानाचा काढा.